मास्कच्या आधी सनस्क्रीन

चेहऱ्यावर लाल प्रकाश सोडणारे मास्क, गालांवरून फिरवायची सौम्य विजेची यंत्रे, बारीक सुयांचे रोलर ही सगळी साधने आता घरबसल्या मागवता येतात. किंमत काही हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जाते आणि वचन एकच असते, त्वचा तरुण राहील. यातले काही अगदीच खोटे नाही. पण त्वचा कशामुळे म्हातारी होते आणि कोणत्या उपायाचा पुरावा किती भक्कम आहे हे एकदा नीट पाहिले, तर आपल्या खर्चाचा क्रम उलटा झालेला दिसतो. दिवसभर होणारे नुकसान तसेच चालू द्यायचे आणि रात्री दहा मिनिटे यंत्र लावून ते भरून काढायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

या बाबतीतला सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातल्या नॅम्बोर या गावातून आला. तिथे 1992 ते 1996 या काळात संशोधकांनी रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाने डोके, मान, हात यांना रोज सकाळी सनस्क्रीन लावायचे आणि घाम आला किंवा अंघोळ केली की पुन्हा लावायचे. दुसऱ्या गटाने नेहमीप्रमाणे, मनात येईल तेव्हा लावायचे. त्वचेच्या वयाचा अंदाज चेहरा बघून केला नाही. हाताच्या मागच्या बाजूचा सिलिकॉन रबराचा ठसा घेतला आणि त्यात उमटलेल्या बारीक रेषांची प्रतवारी केली. 55 वर्षांखालच्या 903 जणांच्या ठशांचा हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वार्धक्याची लक्षणे 24 टक्के कमी होती आणि सुरुवातीच्या तुलनेत त्यांच्यात मोजता येईल अशी भर पडली नव्हती. वापरले होते ते साधे, 15 एसपीएफचे सनस्क्रीन. आज औषधाच्या दुकानात मिळणारी 30 किंवा 50 एसपीएफची ट्यूब त्याहून सरस आहे. इतक्या लोकांवर, इतकी वर्षे आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेली अशी चाचणी घरगुती सौंदर्ययंत्रांच्या वाट्याला आलेली नाही.

उन्हातली अतिनील किरणे मुख्यतः दोन प्रकारची, ए आणि बी. बी किरणांनी त्वचा भाजते आणि ते लगेच कळते. ए किरणे खोलवर जातात, त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजन आणि लवचिकता देणारे इलास्टिन हळूहळू मोडतात, आणि दुखत नसल्याने पत्ता लागत नाही. ती ढगांतून येतात, साध्या काचेतूनही येतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापले. 28 वर्षे ट्रक चालवलेल्या या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांचा झाला होता आणि उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण होता. वय एकच, खाणेपिणे एकच, फरक फक्त खिडकीचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून टॅक्सी आणि एसटी चालवणाऱ्यांनी उजव्या बाजूची काळजी घ्यायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘हे सगळे गोऱ्या लोकांचे, आपल्या सावळ्या त्वचेला याची गरज नाही.’ यात अर्धे तथ्य आहे. मेलॅनिन हे नैसर्गिक कवच आहे आणि सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात हे खरे. अतिशय गडद त्वचेचे हे संरक्षण जुन्या मोजमापांत साधारण 13 एसपीएफइतके भरले होते. मात्र आपल्यातल्या बहुतेकांची त्वचा तितकी गडद नसते आणि आपल्याकडे ऊन बारा महिने असते. शिवाय आपल्या त्वचेचे वय आधी रंगात दिसते. गालावर वांग येतो, कपाळ काळवंडते, डोळ्यांखाली आणि ओठांभोवती रंग असमान होतो. वांग तर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतो. म्हणून ज्यांना तो आहे त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन निवडावे, कारण पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. प्रमाणाचीही गोष्ट आहे. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन पट्ट्या लागतात. बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत, आणि मग बाटलीवरचा आकडा चेहऱ्यावर उतरत नाही.

रोजच्या ट्यूबचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर पुण्याच्या रस्त्यांवर केव्हाचे मिळालेले आहे. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, हातांवर सनकोट चढवतात. त्याला लोक हसत आले आहेत, पण त्वचेच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. फक्त कापड बघून घ्यावे. पातळ पांढरे सुती कापड अतिनील किरणांना फारसे अडवत नाही, ओले झाले की आणखी कमी. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड कितीतरी चांगले. शेतात राबणाऱ्या बाईने पदर पुढे ओढून घेणे, दुपारी बारा ते तीनचे काम शक्य असेल तर सावलीकडे वळवणे, यालाही एक पैसा लागत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची काळजी असेल तर चेहरा झाकून हातपाय थोडा वेळ उन्हात ठेवता येतात. कमतरता निघालीच, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेणे सोपे आहे.

आता यंत्रे. लाल प्रकाशामागे विज्ञान आहे. 1967 मध्ये बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांवर लेसर सोडला, तेव्हा भादरलेल्या जागेवर केस लवकर उगवलेले दिसले आणि तिथून या शाखेची सुरुवात झाली. 630 ते 660 नॅनोमीटरचा लाल आणि 830च्या आसपासचा अवरक्त प्रकाश पेशींतल्या ऊर्जानिर्मितीला चालना देतो, असे मानले जाते. काही चाचण्यांत बारीक सुरकुत्या थोड्या कमी झाल्या. पण या चाचण्या बहुतांशी लहान, काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आहेत आणि अनेकींत तुलनेसाठी खोटा मास्क लावलेला गटच नाही. प्रकाशाचा परिणाम मात्रेवर ठरतो. दवाखान्यातले यंत्र आणि घरचा मास्क यांची ताकद सारखी नसते आणि खोक्यावर दिव्यांची संख्या ठळक छापली तरी ही ताकद अनेकदा छापलेली नसते. ती लिहिलेली नसेल तर वस्तू घेऊ नये. अमेरिकी औषध नियामक संस्थेच्या ‘एफडीए क्लिअर्ड’ या शिक्क्याचा अर्थही समजून घ्यावा: हे साधन बाजारात आधीपासून असलेल्या तशाच साधनाच्या बरोबरीचे आहे, इतकेच त्यातून कळते. डोळ्यांची काळजी तर हवीच. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने मुरुमांसाठीचा प्रकाशमास्क डोळ्यांच्या धोक्याच्या शंकेवरून परत घेतला होता.

सौम्य विजेच्या यंत्रांनी चेहरा काही तास घट्ट वाटतो, त्यापलीकडचा पुरावा तोकडा आहे. पेसमेकर असणाऱ्यांनी, अपस्माराच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती टाळावीत. घरी सुयांचा रोलर फिरवू नये, असे स्पष्टच सांगायला हवे. नीट निर्जंतुक न केलेल्या सुया, वर मुरुम आणि सावळी त्वचा, म्हणजे जंतुसंसर्ग आणि नवे काळे डाग. केस काढण्यासाठी किंवा डाग घालवण्यासाठी घेतलेले तीव्र प्रकाशझोताचे यंत्र गडद त्वचेतल्या मेलॅनिनवरच तापते आणि त्वचा भाजू शकते. त्वचेचा कोणता रंग चालतो याचा तक्ता सोबत नसेल, तर ते आपल्यासाठी नाही.

एवढे सगळे करून पैसे आणि उत्साह उरला, तर मास्कच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. 1986 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइन या मलमाने उन्हाने म्हातारी झालेली त्वचा काही अंशी सुधारते हे दाखवले आणि नंतरच्या चाचण्यांनी ते टिकवले. ते रात्री लावतात, सुरुवातीला त्वचा सोलते, गरोदरपणात चालत नाही, म्हणून डॉक्टर हवाच. स्वतःच्या मनाने आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ मलमांत स्टेरॉइड असले, तर चेहरा आधी उजळतो, मग पातळ, लाल आणि केसाळ होतो, आणि मलम थांबवले की जळजळ सुरू होते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तरी ती दुकानात सहज मिळतात. तंबाखूचा धूर हा त्वचेचा दुसरा मोठा शत्रू. सिगारेट किंवा बिडी सोडण्याने त्वचेला जेवढा लाभ होतो, तेवढा घरातल्या कोणत्याही यंत्राने होईल असे मला वाटत नाही.

‘आता पन्नाशी आली, उशीर झाला,’ असे म्हणणाऱ्यांनी नॅम्बोरच्या त्या चाचणीत चाळिशी ओलांडलेले लोकही होते हे ध्यानात घ्यावे. मास्क विकत घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. पण त्याआधी तीन महिने रोज सकाळी, पुरेसे, न चुकता सनस्क्रीन लावा, दुपारी बाहेर पडताना चेहरा झाका, आणि मग ठरवा.