चित्रपट पुरा होण्यास पैसा कोठून येतो?

देहूस इंद्रायणीच्या घाटावर उभे राहिलें असतां एक जुनी हकीकत हटकून आठवते. तुकोबांच्या घराण्यांत महाजनकी व सावकारी होती. दुष्काळानें संसार मोडल्यावर लोकांकडून येणें असलेल्या खतांचे त्यांनीं दोन वांटे केले. एक धाकटे बंधु कान्होबा यांस दिला, आणि आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणीच्या डोहांत सोडिलीं, असें परंपरा सांगते. अशा गांवाच्या निमित्तानें कर्ज व वर्गणी यांविषयीं लिहावें, हें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु त्याचें कारण आहे.

तुकोबांचें चरित्र दाखविणारा 'संत तुकाराम' हा बोलपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३६ सालीं काढिला. विष्णुपंत दामले व फत्तेलाल यांनीं त्याचें दिग्दर्शन केलें, व विष्णुपंत पागनीस यांनीं तुकोबांची भूमिका केली. मुंबईस तो एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. तो पाहून झाल्यावर आमच्यांतील एका लहान विद्यार्थ्यानें विचारिलें, "एवढ्या सगळ्याला पैसा कोणीं दिला?" प्रश्न साधा होता, पण आम्हांस उत्तर देतां येईना. त्या उत्तराचा शोध म्हणजेच हा लेख.

प्रथम चित्रपट ही कला इतर कलांहून कशी वेगळी आहे तें पाहूं. कुंभाराचें मडकें बिघडलें तर माती पुन्हां कालवितां येते. चितारी आपलें अर्धें चित्र भिंतीशीं टेकवून ठेवील, व सवड मिळाली म्हणजे पुन्हां कुंचला धरील. चित्रपटाचें तसें नाहीं. त्यास अनेकांचे हात लागतात, आणि ते सारे एका वेळीं हजर असावे लागतात. शिवाय त्याचा खर्च तीन टप्प्यांनीं होतो. पहिला टप्पा तयारीचा, दुसरा चित्रणाचा, व तिसरा चित्रणानंतरचा. ह्या तिसऱ्या टप्प्यांत चित्रांचे तुकडे निवडून जोडणें, ध्वनि व संगीत बसविणें, परीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र मिळविणें, आणि चित्रगृहापर्यंत पोंचणें इतकीं कामें येतात. स्वतःच्या हिंमतीवर चित्रपट काढणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या टप्प्यांतच सर्व पैसा संपवून बसतो. हल्लीं फितीचा खर्च उरला नाहीं हें खरें. पण माणसांचा, प्रवासाचा व जोडकामाचा खर्च कोठें गेला आहे?

कला आणि कारागिरी यांवरील चित्रपटास ही अडचण विशेष बाधते. समजा, पखवाज करणाऱ्या एखाद्या कारागिराविषयीं कोणी चित्रपट काढूं लागला. खोड कोरलें, चामडें भिजविलें, वादी ओवली, येथपर्यंत चित्रण झालें आणि पैसा संपला. शाई भरण्याचें नाजूक काम तेवढें राहिलें. दोन वर्षांनीं पैसा मिळाला, पण तोंवर तो म्हातारा हातच राहिला नाहीं, तर पुढें काय करावें? अपुरें राहिलेलें काम केवळ थांबत नाहीं, तें नासतें. पैसा वेळेवर मिळणें येथें इतकें महत्त्वाचें कां, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील दाखला घेऊं. धुंडिराज गोविंद फाळके हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. पुढें छायाचित्रण व छपाई यांत त्यांनीं नांव मिळविलें. देहूरोडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर मळवलीनजीक रविवर्म्याचा शिळाछापखाना होता. त्याच्यासाठींही त्यांनीं काम केलें होतें. १९१०-११ च्या सुमारास मुंबईस येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहून आपल्याकडील कथा अशाच पडद्यावर आणाव्या हा ध्यास त्यांनीं घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ सालीं विलायतेस गेले, व चित्रणाचें यंत्र घेऊन परत आले. परंतु यंत्र आलें म्हणून भांडवल आलें असें होत नाहीं. सावकाराला न पाहिलेली वस्तु कशी पटवावी?

फाळक्यांनीं एक युक्ति केली. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून ते रोज थोडें थोडें चित्रण करीत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरांत दिसूं लागली. दाण्यास अंकुर फुटून वेल वर चढतांना पाहून पाहणारे थक्क झाले. यशवंतराव नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी. त्यांनीं तें पाहून कर्ज देण्याचें मान्य केलें. तेवढ्यानेंही भागेना, तेव्हां सरस्वतीबाई फाळके यांनीं आपले दागिने पुढें केले. इतकेंच करून त्या थांबल्या नाहींत. कच्च्या फितीच्या कडांस भोकें पाडणें, ती धुणें, आणि काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणें हेंही त्यांनीं अंगावर घेतलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, तो असा. पुढें १९१७ सालीं फाळक्यांनीं चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणाराही एक लहान पट काढिला. कारागिरीविषयींच्या चित्रपटाचा हा आपल्याकडील आरंभींचा नमुना होय.

फाळक्यांच्या लघुपटांत तळेगांवच्या काच कारखान्याचाही एक पट होता. देहूरोडहून तळेगांव हें तिसरें स्थानक. तेथील काचेचा कारखाना १९०८ सालीं पैसा फंडांतून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव हिंडून प्रत्येकाकडून एक पैसा मागण्याचा उपक्रम चालविला होता, व लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. एका धनिकाच्या हजार रुपयांपेक्षां हजारों लोकांचा एकेक पैसा अधिक मोलाचा, कारण त्या पैशाबरोबर त्या माणसाची आस्थाही येते, हें त्यांतील मर्म. आज परक्या माणसांकडून लहान लहान रकमा गोळा करून चित्रपट पुरे करण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिचें बीज आमच्या शेजारींच पेरलें गेलें होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

कोल्हापुरास वेगळाच प्रकार घडला. बाबूराव पेंटर हे कसबी कारागीर व चितारी. त्यांनीं चित्रणाचें यंत्र घरींच घडविलें. परंतु महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्यावर. एका कलेनें कमावलेला पैसा दुसऱ्या कलेच्या उपयोगीं पडला. बाबूरावांच्या हाताखालीं शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे १९२९ सालीं बाहेर पडले, तेव्हां सीतारामपंत कुलकर्णी ह्या सराफांनीं भांडवल घालून त्यांच्याशीं भागी केली. हीच ती 'प्रभात'. आमच्या लहान मित्राच्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडलें. आरंभीं पैसा एका सराफाचा होता, कसब चार कारागिरांचें होतें, आणि पुढें प्रत्येक चित्रपटाचें भांडवल आधींच्या चित्रपटांच्या उत्पन्नांतून उभें राहूं लागलें.

प्रांताबाहेरचेही दोन दाखले सांगण्याजोगे आहेत. सत्यजित राय यांनीं 'पथेर पांचाली'चें चित्रण १९५२ सालीं आरंभिलें, व पैशाच्या अभावीं तें पुनःपुन्हां थांबलें. विम्याची पॉलिसी व पत्नीचे दागिने येथेंही गहाण पडले. चित्रपटांतील मुलें मधल्या काळांत मोठीं होतील कीं काय आणि वृद्ध नटी टिकेल कीं नाहीं, हीच रायांस चिंता होती. अखेर पश्चिम बंगालच्या सरकारनें पैसा दिला, आणि १९५५ सालीं चित्रपट पुरा झाला. मालकी मात्र सरकारची झाली. दुसरा दाखला श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'चा. गुजरातेंतील ५ लक्ष दूधउत्पादकांनीं प्रत्येकीं २ रुपये दिले, म्हणजे १० लक्ष झाले, आणि १९७६ सालीं तो चित्रपट निघाला. निर्माते तेच असल्यामुळें गाड्या भरभरून ते आपला चित्रपट पाहण्यास गेले. पुढें १९८७ सालीं विणकरांच्या जीवनावरील 'सुसमन' हा पटही हातमागाच्या सहकारी संस्थांच्या पैशानें झाला. ज्यांची कारागिरी, त्यांचेंच भांडवल!

ह्या सर्वांवरून पैशाचे चार प्रकार दिसून येतात. कर्ज फेडावें लागतें, मग चित्रपट चालो वा न चालो. भागीदार नफ्याबरोबर तोटाही वांटून घेतो, पण निर्णयांतही वांटा मागतो. पुरस्कर्ता, मग तो सरकार असो वा धनिक, बहुधा मालकी मागतो. वर्गणीदार फारसें कांहीं मागत नाहीं, आणि म्हणूनच त्याचा हिशेब सर्वांत अगोदर द्यावयास हवा. मागणाऱ्यानें तीन गोष्टी पाळाव्या. झालेल्या कामाचा लहानसा तरी नमुना दाखवावा. वाटाण्याचा वेल विसरूं नये. किती रक्कम कमी पडते व ती कोणत्या कामास लागेल, हें स्पष्ट लिहावें. आणि काम पुरें न झाल्यास पैशाचें काय होईल, हें आधींच सांगावें. देणाऱ्यानेंही परत न मिळाले तरी चालतील तेवढेच पैसे द्यावे. घरांतील कोणाचे दागिने गहाण टाकण्याची वेळ आली, तर ज्यांचे ते दागिने, त्यांची खरी संमति आहे कीं केवळ भिडेखातर होकार आहे, हें पहावें. सरस्वतीबाईंचे नांव आपण आदरानें घेतों. तो त्याग त्यांचा स्वतःचा होता, म्हणून.

आणखी एक गोष्ट. चित्रपट पुरा झाला म्हणजे काम संपलें असें नव्हे. तो जपावाही लागतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या मूळच्या रिळांपैकीं कांहींच आज उरलीं आहेत, व मूकपटांच्या काळांतील बहुतेक चित्रपट कायमचे गेले. ज्यांनीं दागिने व पैसे दिले, त्यांच्या देणग्यांचें फळही त्यांबरोबरच नाहींसें झालें. यास्तव गोळा केलेल्या रकमेंतील थोडा भाग जतनासाठीं वेगळा ठेवणें शहाणपणाचें होय.

आतां पुन्हां इंद्रायणीच्या घाटावर येऊं. तुकोबांनीं खतें बुडविलीं तीं लोकांकडून येणें असलेलीं, स्वतः देणें असलेलीं नव्हेत. खत बुडविण्याचा अधिकार ज्याचें येणें आहे त्याचा. ज्याचें देणें आहे त्यास तो नाहीं. कलेसाठीं पैसा मागण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आपल्याकडील चित्रकलेचा पडदा अशाच मागण्यांतून उघडला. परंतु मागणाऱ्यानें खत जपून ठेवावें, हिशेब उघडा ठेवावा, आणि काम पुरें करावें. मग देणाऱ्यांपैकीं एखादा आपण होऊन म्हणेल, "राहूं द्या, तें खत आतां पाण्यांत सोडा." तें त्यानें म्हणावयाचें, आपण नव्हे.