हॉलमधल्या टीव्हीला स्टिक घ्यायची तर आधी काय बघाल?

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला टीव्ही चित्र अजून छान दाखवतो, पण यूट्यूब उघडायला दोन मिनिटं लावतो. एखादं अ‍ॅप तर ‘या टीव्हीवर आता चालणार नाही’ असंच सांगून मोकळं होतं. मग घरात विषय निघतो, टीव्हीच बदलायचा का? आमचं म्हणणं, घाई करू नका. पडदा शाबूत असेल तर पाच-सहा हजारांच्या स्टिकमध्ये काम भागतं. टीव्हीने फक्त चित्र दाखवायचं, बाकी सगळं डोकं स्टिकचं.

आधी टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआय पोर्ट हवा. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर स्टिक थेट लागत नाही. कन्व्हर्टर मिळतो, पण चित्र मनासारखं येत नाही. दुसरं, टीव्ही फोर-के नसेल तर फोर-के स्टिक लावून चित्र फोर-के होणार नाही. 32 इंची टीव्ही बहुतेक ‘एचडी रेडी’ असतात, त्यांना साधी एचडी स्टिक पुरते. फोर-के स्टिकमध्ये रॅम सहसा जास्त असते, ती जरा चपळ चालते. किमतीतला फरक हजाराच्या आत असेल तर तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही.

इंटरनेटचं काय? नेटफ्लिक्सच्या हिशेबाने फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि फोर-केला 15 एमबीपीएस वेग लागतो. म्हणजे घरी साधं ब्रॉडबँड असेल तर वेगाची चिंता नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर मात्र थांबा. एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, आणि दीड-दोन जीबीचा रोजचा पॅक अर्ध्या सिनेमातच संपतो.

आपल्याकडे मुख्य पर्याय दोन-तीनच. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक सगळ्यात जास्त दिसते. तिच्या रिमोटवर हिंदीत बोललं तरी कळतं, त्यामुळे दादीला हरमचं लाइव्ह बघायचं असेल तर टाइप करत बसावं लागत नाही. गुगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या स्टिकमध्ये शाओमीची आहे. गुगल खातं आधीच वापरणाऱ्या घरांना ती सोपी वाटते. अ‍ॅपलचा बॉक्स चांगला आहे, पण पंधरा हजारांच्या आसपास जातो. घरात सगळे आयफोनवाले असतील तरच त्याचा विचार करावा. आणि हो, जिओ किंवा एअरटेलचं फायबर घेतलं असेल तर आधी त्यांना विचारा. काही प्लॅनमध्ये सेट-टॉप बॉक्स सोबतच मिळतो, मग वेगळी स्टिक कशाला?

कोकणातल्या घरांत बऱ्याचदा दुबई-कुवेतहून येताना कोणीतरी स्टिक घेऊन येतं. आणायला हरकत नाही, पण तिकडचा अ‍ॅडॉप्टर तीन चौकोनी पिनांचा असतो, आपल्या सॉकेटला बसत नाही. वॉरंटी इथे चालेलच असं नाही. खात्याचा देशही भारत करून घ्यावा लागतो, नाहीतर इथली अ‍ॅप्स दिसत नाहीत. रोकू मागवूच नका, ती कंपनी आपली स्टिक भारतात अधिकृतपणे विकत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. बाजारात दोन-अडीच हजारांत बिननावाचे ‘अँड्रॉइड बॉक्स’ मिळतात. दुकानदार सांगतो, सगळे चॅनेल, सगळे सिनेमे, आयुष्यभर फुकट. मोह होतोच. पण 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच उपकरणांबद्दल लोकांना सावध केलं होतं. ‘बॅडबॉक्स 2.0’ नावाचा व्हायरस यातल्या काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच भरलेला येतो, काहींत सुरुवातीला अ‍ॅप्स टाकताना शिरतो. त्यानंतर गुन्हेगार तुमच्या घरचं इंटरनेट आपल्या कामाला वापरतात. फसवणूक ते करणार, पण पत्ता तुमच्या कनेक्शनचा दिसणार. पुढच्याच महिन्यात गुगलने या टोळीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा केला, तेव्हा एक कोटीहून जास्त उपकरणं बाधित असल्याचं सांगितलं.

अब्बांचा यूपीआयचा फोन आणि मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप त्याच वायफायवर असतात, हे लक्षात घ्या. ओळखायची खूण सोपी आहे. बॉक्स सुरू करताना ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं सांगत असेल, किंवा पैशाचं सगळं फुकट दाखवत असेल, तर तो दुकानातच ठेवा. असा बॉक्स घरी आलेलाच असेल तर वायफायवरून काढून टाका. शिवाय या बॉक्सवर नेटफ्लिक्सचं चित्रही धूसर येतं, कारण प्रमाणित नसलेल्या उपकरणाला कंपनी एचडी देतच नाही.

स्टिक आली की पहिल्याच दिवशी मुलांसाठीचं लॉक लावा. 2021 च्या नियमांप्रमाणे ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा गट लावावा लागतो: यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए. 13+ पासून पुढच्यांना पालकांचं लॉक देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. लॉक असतं, पण ते आपोआप लागत नाही, प्रत्येक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन लावावं लागतं. स्टिकच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठीही पिन ठेवा, नाहीतर धाकट्याच्या हातून एखादा सिनेमा भाड्याने घेतला जातो. यूट्यूबचं मात्र वेगळं. तिथे वयाचे हे गट नाहीत, लहानांसाठी यूट्यूब किड्सच बरं.

स्टिक सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवरच चालवा. टीव्हीच्या यूएसबीवर लावली तर करंट कमी पडतो आणि मधेच बंद-चालू होते, मग लोक स्टिकला दोष देतात. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झऐवजी 2.4 वर जोडून बघा, ते भिंतीपलीकडे जास्त चांगलं पोहोचतं. जुनी स्टिक कोणाला देणार असाल तर आधी फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर तुमचं खातं आणि कार्ड तिच्याबरोबरच जाईल.