उधारीचे नियमन

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावी दुकान मांडून बसलेल्या गृहस्थाचे वर्ष पिकाच्या गतीने चालते. मृग लागला की बियाणे, खत, किराणा आणि मुलांचे शाळेचे कपडे यांची मागणी एकदम वाढते. पण गिऱ्हाइकाच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि ज्याची सारी भिस्त कपाशीवर त्याच्या हाती तर त्याहूनही उशिरा. मधल्या चार-पाच महिन्यांत गावाचा संसार बव्हंशी दुकानदाराच्या भांडवलावर उभा असतो. म्हणून लहान व्यापाऱ्याला व्यवस्थापनाचा उपदेश करताना जाहिरात आणि सजावट यांच्याविषयी कितीही सांगितले, तरी या मुलखात उधारीचे नियमन हाच त्या विद्येचा गाभा आहे, असे माझे निश्चित मत आहे.

एक हिशेब मांडून पाहावा. किराणा दुकानदाराने ९२ रुपयांस घेतलेला माल १०० रुपयांस विकला, म्हणजे त्याला ८ रुपये सुटले. पण तो माल चार महिन्यांच्या उधारीवर गेला असेल आणि खरेदीची रक्कम दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने उचललेली असेल, तर व्याजापोटीच ७ रुपये ३६ पैसे जातात. उरतात ६४ पैसे, आणि त्यातून दुकानभाडे, वीजबिल, हमाली भागवायची! एखाद्याकडे हजाराची उधारी बुडाली, तर मालाची मूळ किंमत ९२० रुपये भरून काढण्यासाठी साडेअकरा हजारांची रोखीची विक्री करावी लागते. हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा कागदावर मांडला, म्हणजे ‘धंदा जोरात आहे, पण गल्ल्यात पैसा नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे कारण कोणालाही उमगेल.

याचा अर्थ उधारी बंद करावी असा मुळीच नव्हे. पावसाने दगा दिलेल्या वर्षी शेजाऱ्याला पीठमीठ नाकारणे माणुसकीस धरून नाही, आणि गावातल्या व्यापारास ते परवडणारेही नाही. करायचे ते इतकेच की, प्रत्येक खातेदाराची मर्यादा मृगापूर्वीच, त्याने मागील साली केलेली परतफेड पाहून, शांतपणे ठरवावी; कारण ऐन पेरणीच्या गर्दीत, समोर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड पाहून ठरवलेली मर्यादा ही मर्यादाच राहत नाही. शिवाय जालन्याचा ठोक व्यापारी एका महिन्याची मुदत देत असेल आणि आपले गिऱ्हाईक चार महिन्यांनी पैसे देणार असेल, तर मधल्या तीन महिन्यांचा भार पेलण्याइतकी स्वतःची रक्कम हाताशी आहे काय, हे पाहूनच मालाची मागणी नोंदवावी.

रोजकीर्द त्याच दिवशी, दुकान बंद करण्यापूर्वी लिहावी, आणि घरखर्चाचे खाते निराळे ठेवावे. दुकानातल्या पोत्यातून घरी नेलेली दोन किलो साखरही मालकाच्या नावे पडली पाहिजे. ही नोंद कित्येकांना क्षुद्र वाटते. परंतु ती टाळल्यामुळे दुकान तोट्यात आहे की घर अवाच्या सवा खर्च करीत आहे, याचा उलगडा वर्षअखेरही होत नाही.

विश्वास हेही भांडवलच होय, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या व्यापारात उगवण फसली तर शेतकऱ्याचा सबंध हंगाम बुडतो; म्हणून तेथे नावाला जपावेच लागते. टेंभुर्णीच्या कृषी सेवा केंद्राने पिशवीवरचा लॉट क्रमांक घालून पक्की पावती देणे हे त्याच परंपरेचे लहान रूप आहे, कारण पुढे दाद मागण्याची वेळ आली तर शेतकऱ्याच्या हाती तोच दस्त असतो.

आता वसुलीच्या कायद्याविषयी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. ती सामान्यतः माल दिल्याच्या तारखेपासून, आणि उधारीचा अवधी ठरलेला असल्यास तो संपल्यापासून मोजतात. मात्र ही मुदत सरण्यापूर्वी ऋणकोने देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात. खातेवही कितीही नेटकी असली किंवा मोबाईलमध्ये उतरवलेली असली, तरी ती आपल्याच हातची. गिऱ्हाइकाच्या सहीची जागा तिला घेता येत नाही. तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडताना प्रत्येक मोठ्या खातेदाराला बोलावून बाकी वाचून दाखवावी, चूकभूल तिथल्या तिथे दुरुस्त करावी आणि तारखेसह त्याची सही घ्यावी. जुनी बाकी नव्या वहीत ओढण्याचा तो दिवसच असल्यामुळे, त्या दिवशी सही मागण्यात कोणाचा अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही.