पँगाँगला जाताय? जरा दम धरा!

परीक्षा संपल्या, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, लडाखला चाललोय. दम लागू नये म्हणून काही गोळ्या द्या." पूर्वी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे महाबळेश्वर आणि वेण्णा तलावातली नाव. २००९ साली 'थ्री इडियट्स' चित्रपट आला आणि पँगाँग सरोवर घरोघरी पोचले. ते निळेशार खारे सरोवर जरूर पाहावे. पण आधी उंचीचे गणित समजून घ्यावे.

महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर, तर आपले कळसूबाई ५,४०० फुटांवर आहे. लेह ११,५०० फुटांवर आणि पँगाँग सुमारे १४,००० फुटांवर. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. पण हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. पँगाँगला आपल्याकडच्या सुमारे ६० टक्केच. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. विमान मात्र दिल्लीहून दीड तासात लेहला उतरवते. घोटाळा इथेच होतो.

डोके दुखणे, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. आपण 'पित्त झाले' म्हणून सोडून देतो. अशा वेळी विश्रांती घ्यावी आणि बरे वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नये. बसल्याजागी धाप लागणे, सतत खोकला, ओठ निळे पडणे, म्हणजे फुफ्फुसात पाणी होऊ लागले. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, म्हणजे मेंदूला सूज येऊ लागली. यात काही तासांत जीव जाऊ शकतो. खरा उपाय एकच : प्राणवायू लावून ताबडतोब खाली उतरवणे.

पँगाँगची मेख अशी, की तिथून लेहला परतताना सुमारे साडेसतरा हजार फुटांची चांग ला खिंड ओलांडावी लागते. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढायचे! म्हणून सगळी काळजी लेहमध्येच घ्यायला हवी.

"मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?" असे म्हणू नका. भारतीय लष्करी डॉक्टरांनी हिमालयातील १,९२५ जवानांच्या या आजाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. ते धडधाकट जवानच होते! आजही लष्कर जवानांना उंचावर टप्प्याटप्प्याने नेते.

तेव्हा पुढील पथ्ये पाळा :

१) विमानाने गेल्यास लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. निदान तीन रात्री काढल्याशिवाय पँगाँगला मुक्काम नको.

२) मोटारीने जायचे तर श्रीनगर-कारगिल मार्गाने उंची हळूहळू वाढते. मनालीमार्गे वाटेतला मुक्कामच फार उंचावर पडतो.

३) मद्य, धूम्रपान आणि झोपेच्या गोळ्या टाळा. पाणी पुरेसे प्या.

४) असेटाझोलामाइड ही गोळी काहींना उपयोगी पडते, पण सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती परस्पर घेऊ नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

५) हृदयविकार, दमा, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी तपासून घ्यावे. चालू औषधे बंद करू नयेत.

६) लहान मुलांना त्रास सांगता येत नाही. मूल किरकिर करते, खात नाही, खेळत नाही, तर पुढचा कार्यक्रम रद्द करा.

अनेक जण कापराची पुडी हुंगत जातात. त्याने प्राणवायू वाढत नाही. उलट लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात. पुडी घरीच ठेवा.

सहल ठरवताना 'पाच दिवसांत सगळे लडाख' अशा जाहिरातीला भुलू नका. दोन दिवस जास्त घ्या, नाहीतर एखादे ठिकाण गाळा. सरोवर कुठे पळून जात नाही!