क्रांतीचा दिवस आणि नागरिकाची वर्षे

राज्यव्यवस्था एका तडाख्याने बदलावी, की रोजच्या नागरिककर्तव्यातून हळूहळू? या प्रश्नाची दोन उत्तरे युरोपात १८४८ या एकाच वर्षी शेजारीशेजारी दिली गेली.

त्या फेब्रुवारीत पॅरिसची जनता रस्त्यावर उतरली. तीन दिवसांत राजा लुई फिलिपने सिंहासन सोडले आणि लवकरच सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. परंतु १८५० च्या कायद्याने सुमारे ३० लक्ष लोकांचा तो हक्क हिरावून घेतला, आणि १८५१ च्या डिसेंबरात लुई नेपोलियनने प्रजासत्ताकच मोडीत काढले.

एप्रिलमध्ये लंडनला चार्टिस्टांनी आपल्या सहा मागण्यांचा अर्ज तिसऱ्यांदा पार्लमेंटपुढे ठेवला. त्याची टवाळी झाली. तथापि सभा, वृत्तपत्रे, कामगारसंघ यांचे काम थांबले नाही. १८६७ मध्ये शहरांतील अनेक कामगारांना मत, १८७२ मध्ये गुप्त मतदान, १९११ मध्ये सभासदांना वेतन आणि १९१८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. दरवर्षी निवडणूक ही मागणी सोडली, तर बाकीच्या पाचही कालांतराने मान्य झाल्या.

मात्र या मार्गाचे मोलही थोडे नव्हते. अर्जावर सही करणारे कितीतरी जण मत न देताच निवर्तले. शिवाय उठावाचा धाक नसता तर सत्ताधाऱ्यांनी इतके तरी दिले असते काय, ही शंका उरतेच.

क्रांती हक्क मिळवून देऊ शकते. तो टिकविण्याचे काम सभेला जाणाऱ्या, हिशेब विचारणाऱ्या आणि मत न चुकविणाऱ्या नागरिकाकडेच येते.