दवाखान्याचे अंतर

चाळीसगाव हे खानदेशातील मोठे जंक्शन होय. मुंबईहून निघालेली आगगाडी मनमाड, नांदगाव ही स्थानके मागे टाकून येथे येते, आणि येथूनच धुळ्याकडे जाणारा फाटा फुटतो. तितूर व डोंगरी या नद्यांच्या काठी हे शहर वसले आहे. दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग उभी असून तिच्या पायथ्याशी लहानलहान खेडी व बंजारा समाजाचे तांडे आहेत. अशा एखाद्या तांड्यावर कोणी आजारी पडला, म्हणजे त्याच्या घरच्यांपुढे पहिला प्रश्न येतो तो अंतराचा.

फेफरे या आजाराचेच उदाहरण घ्यावे. मेंदूतील पेशी अतिसूक्ष्म विद्युत्संदेशांच्या द्वारे परस्परांशी व्यवहार करीत असतात. हे संदेश एकाएकी अनावर झाले, की शरीर ताठरते, हातपाय झटके देऊ लागतात आणि शुद्ध हरपते. अशा वेळी पुष्कळ लोक रोग्याच्या नाकाशी कांदा किंवा वहाण धरतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. श्रेय मात्र वहाणेला मिळते! या रोगावर साध्या व स्वस्त गोळ्या आहेत. त्यांनी बहुतेक रोग्यांचे झटके आटोक्यात येतात. परंतु त्या रोज, कित्येक वर्षे घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या, तर झटके पुन्हा सुरू होतात. आता या गोळ्या दरमहा जळगावच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातून आणावयाच्या झाल्या, तर चाळीसगावाहून रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर जावे लागते. मजुराची त्या दिवसाची रोजी बुडते, आणि गाडीभाडे पडते ते वेगळेच. दोन महिने तो नेमाने जातो. तिसऱ्या महिन्यात कापूस वेचणीस आलेला असतो.

मनाच्या आजारांच्या बाबतीत हे अंतर याहूनही दूरचे होते. कोणाला रात्रीमागून रात्री झोप येत नाही, कोणी कारणावाचून उदास राहतो, कोणाला नसलेले आवाज ऐकू येतात. हेही आजारच आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत. पण महाराष्ट्रात दीर्घकाळ सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच होती : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नव्हते. चाळीसगावाहून ठाणे सुमारे ३०० किलोमीटर. त्यातच लोक काय म्हणतील, ही धास्ती. मग घरचे लोक रोग्याला भगताकडे नेत. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु भगत गावात होता आणि डॉक्टर दूर होता, हे विसरता येत नाही.

हे अंतर तोडण्याचा विचार स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाला होता. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. मनोरुग्णांसाठी हिंदुस्थानात सुमारे ४० हजार लोकांमागे एक खाट आहे आणि इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे एक, असे तिने दाखवून दिले. खेड्यांच्या जवळ आरोग्य केंद्रे असावीत, ही तिची शिफारस पुढे अंमलात आली आणि १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आज सपाट प्रदेशात सुमारे ३० हजार लोकवस्तीस एक केंद्र व ५ हजार वस्तीस एक उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. डोंगराळ व आदिवासी भागासाठी हेच आकडे २० हजार व ३ हजार असे आहेत.

परंतु इमारत बांधली म्हणजे उपचार घरी पोहोचतो, असे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. तरी घरोघर जाऊन आजार ओळखण्यात त्या तरबेज झाल्या. २००५ पासून देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांचे काम याच रीतीचे आहे. कोणाच्या गोळ्या संपल्या, हे आशाताईला ठाऊक असते, कारण ती त्याच गल्लीत राहते.

मनाच्या आजारांसाठीही असाच मार्ग शोधण्यात आला. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात साध्या आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना हे आजार ओळखण्यास शिकविले गेले, आणि प्रयोग यशस्वी झाला. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे २०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, आणि रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावास महापुराने वेढले. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. अशा आपत्तीत जखमी माणसासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. ही सोय महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. परंतु ज्याची गुरे वाहून गेली, शेत खरवडले गेले, त्याची झोप पाणी ओसरल्यावर उडते. ते दुखणे रुग्णवाहिकेला दिसत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक फिरविला, की अशा माणसाला रात्री-अपरात्रीही मराठीतून विनामूल्य सल्ला मिळू शकतो.

दूरध्वनीवरून धीर मिळतो, गोळी मिळत नाही. ती जवळच्या केंद्राच्या कपाटात असावी लागते. ते कपाट एखाद्या महिन्यात रिकामे निघाले, की फेफऱ्याचा रोगी पुन्हा जळगावच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभा राहतो.