एसएमपीएसची घरघर आणि वॉरंटीची भाषा

मृगाचे एक-दोन पाऊस पडले की वर्ध्यातले कूलर बंद होतात आणि उन्हाळाभर न ऐकलेले आवाज घरात ऐकू येऊ लागतात. टेबलाखालच्या कॅबिनेटमधली घरघर त्यांपैकी एक. 'पावसानं कॉम्प्युटर बिघडला' असा निष्कर्ष लगेच निघतो. बरेचदा ती घरघर मे महिन्यातच सुरू झालेली असते. कूलरच्या पंख्यापुढे तिचं काही चाललेलं नसतं, इतकंच. हा फरक क्षुल्लक नाही. वॉरंटी ३१ मे रोजी संपत असेल, तर तो काही हजार रुपयांचा असतो.

आवाज करणारी पेटी अनेकदा एसएमपीएस असते. कॅबिनेटच्या मागे जिथे विजेची वायर खोचतात, तिथे ती बसवलेली. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि १२, ५ व ३.३ व्होल्टची डीसी करून मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांना पुरवायची, हे तिचं काम. तिच्याबद्दल दुकानात दोन ठाम मतं ऐकू येतात. गिऱ्हाईक म्हणतं, आवाज येतोय म्हणजे पीस खराब आहे, बदलून द्या. काउंटरपलीकडून उत्तर येतं, चालतोय ना, मग वॉरंटीत बसत नाही. दोघंही चुकतात. आवाज नेमका कसला, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

पहिला आवाज वाऱ्याचा. एसएमपीएसमधला पंखा साधारण १२० ते १४० मिलिमीटरचा असतो आणि आतलं तापमान वाढेल तसा तो वेग घेतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलनं चढतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणं नवं नाही. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी व्हिडिओ एडिटिंग चाललं असेल, तर पंखा फुरफुरणारच. तो नेमून दिलेलं कामच करत असतो. याला दोष म्हणून पेटी परत पाठवली, तर ती तशीच परत येते.

इथे आणखी एक समज आडवा येतो: डब्यावर '८० प्लस गोल्ड' लिहिलं आहे म्हणजे एसएमपीएस शांत असणार. २००४ साली सुरू झालेलं हे मानांकन कार्यक्षमता मोजतं, आवाज नव्हे. शिवाय चाचणी होते ती २३ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या हवेत. दोन्हींचा संबंध आहे, पण आडवळणाचा. संगणकाला ४०० वॅट लागत असतील आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर सुमारे ७० वॅट नुसती उष्णता होते. ९० टक्के असेल तर ४४. उष्णता कमी, तर पंखाही सावकाश. आवाजाचंच मानांकन पाहायचं असेल, तर सायप्रसमधल्या सायबेनेटिक्स या संस्थेची वेगळी श्रेणी असते. तिथे सर्वांत शांत गटाची मर्यादा १५ डेसिबल आहे. काही मॉडेलमध्ये तर हलक्या कामाला पंखा फिरतच नाही. मग उलटी तक्रार येते, की पंखा बंद पडला.

दुसरा आवाज घासण्याचा. सकाळी संगणक सुरू केल्यावर गुरगुर, पाच-दहा मिनिटांनी कमी; कॅबिनेट थोडं कलतं केलं की सूर बदलतो. हा बेअरिंगचा आवाज. स्वस्त पंख्यांत साधं स्लीव्ह बेअरिंग असतं, उष्णतेनं त्यातलं तेल लवकर संपतं. हा मात्र सरळसरळ दोष आहे. वॉरंटी कार्डावर 'साहित्यातला किंवा घडणीतला दोष' असे जे शब्द असतात, ते अशाच बिघाडासाठी. 'चालतोय ना' हे उत्तर इथे टिकत नाही, कारण असा पंखा पुढे अडकतो, आणि आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. दुकानातला पोरगा पंख्यावरचा स्टिकर उचकटून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतो, गुरगुर थांबते, सगळे खूश. पण पेटी त्यासाठी उघडावी लागते, सील तुटतं आणि पाच वर्षांची वॉरंटी त्या एका थेंबात जाते.

तिसरा आवाज सर्वांत चकवणारा: बारीक, टोकदार शिट्टी. विजेचा प्रवाह वेगानं बदलतो तेव्हा कॉइलच्या गाभ्याचा आकार अत्यंत सूक्ष्म प्रमाणात बदलतो, ती थरथरते आणि थरथर आपल्या कानांच्या टप्प्यात आली की शिट्टी ऐकू येते. चुंबकत्वानं लोखंडाची लांबी बदलते हे जेम्स जूलनं १८४२ मध्ये दाखवलं होतं. शिट्टीनं एसएमपीएस जळत नाही, आयुष्यही घटत नाही. म्हणूनच अनेक कंपन्या तिला दोष मानत नाहीत; काही मात्र आवाज फार असेल तर पेटी बदलून देतात. तक्रारीआधी एक पडताळणी करावी. शिट्टी बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाचीच असते. गेमच्या मेन्यूवर सेकंदाला शेकडो चित्रं तयार होत असताना ती वाढते आणि ही संख्या ६० वर बांधली की बसते. असं झालं तर आधी कार्डाकडे पाहावं. कागदाची लांब नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं जाळीजवळ धरलं, तरी आवाजाची दिशा कळते.

कधी गुणगुण एसएमपीएसमधून येते, पण खोट बाहेरच्या विजेत असते. वीज गेली, यूपीएसनं भार घेतला आणि गुणगुण सुरू झाली, महावितरणची वीज परत आल्यावर थांबली, तर संशय यूपीएसवर घ्यावा. स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर बॅटरीवर असताना गोल लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. आजच्या चांगल्या एसएमपीएसना ती रुचत नाही. रब्बीत शेतपंप एकदम सुरू झाले की खेड्यांत व्होल्टेज पडतं, त्याचंही असंच. भिंतीतून ४७० वॅट ओढणारा संगणक २३० व्होल्टला सुमारे २ अँपिअर घेतो, १८० व्होल्टला २.६. प्रवाह वाढला की उष्णता वाढते, पंखा पळतो. एसएमपीएसच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलं आहे की २००–२४०, हे म्हणून वाचावं. दुसऱ्या प्रकारातला असेल, तर १८० व्होल्टवर झालेला बिघाड कंपनी सहज नाकारू शकते.

कापसाच्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. हिंगणघाट, देवळी, सेलू या भागांत जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू हवेत असतात. ते पंख्याच्या जाळीवर लोकरीसारखे साचतात, हवा अडते आणि पंखा जास्त वेगानं फिरतो. अशी पेटी सर्व्हिस सेंटरला गेली की 'धुळीमुळे' असा शेरा मिळतो. जाळी बाहेरून साफ करायला सील तोडावं लागत नाही. वायर काढावी, मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरावा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं प्लॅस्टिकच्या काडीनं अडवून धरावं. नाहीतर हवेच्या झोतानं पंखा भलत्याच वेगानं फिरतो आणि चांगलं बेअरिंग खराब होतं.

पेटी उघडण्याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवून 'सील तुटलं तर वॉरंटी रद्द' या भाषेवर ताशेरे ओढले, तेव्हापासून 'सीलला अर्थ नसतो' असं इकडेही ऐकू येतं. ती पत्रं अमेरिकेच्या कायद्यापुरती. शिवाय एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. वॉरंटी राहो न राहो, घरात ही पेटी उघडू नये.

आता 'तपासलं, दोष नाही' या शेऱ्याचं रहस्य. टेबलावर एसएमपीएस तपासण्याची झटपट रीत अशी: २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी वायर काळ्या वायरला जोडायची, पंखा फिरला की ओके. त्या वेळी भार जवळपास शून्य असतो. उष्णता नाही, वेग नाही, शिट्टी नाही. तंत्रज्ञ खोटं बोलत नाही. त्याच्यासमोर आवाज झालेलाच नसतो. म्हणून तक्रारीत 'आवाज येतो' एवढं पुरत नाही. किती वेळानंतर, कोणत्या कामावर, थेट विजेवर की यूपीएसवर, खोलीतलं तापमान किती, हे लिहावं. मोबाइलवर व्हिडिओ काढावा, त्यात पेटीवरचा सिरियल नंबरही दिसावा. आधी एसएमपीएसचे चारही स्क्रू आवळून पाहावेत आणि एखादी वायर पात्याला लागते का तेही. या दोन कारणांनी परत आलेल्या पेट्या कमी नसतील.

वॉरंटीची मुदत मॉडेलप्रमाणे बदलते. कोर्सेअरच्या आरएम मालिकेला १० वर्षं, सीझॉनिकच्या प्राइमला १२. कॅबिनेटसोबत येणाऱ्या बिननावाच्या '४५० वॅट'वाल्याला दुकानदाराचा तारखेचा स्टिकर. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना नमुने आहेत, ते पाहताना १९२९ची एक जाहिरात आठवते. अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी होत्या: किंमत १५० रुपयांच्या आत, मोठा खोळंबा न होता २० वर्षं चालला पाहिजे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण बोली मात्र स्वच्छ होती. आजच्या वॉरंटी कार्डात मुदत मोठ्या अक्षरांत असते आणि आवाजाबद्दल बहुधा अवाक्षर नसतं.

पण कार्ड म्हणजे कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विक्रेत्यानं मालाबद्दल जो दावा केला, त्यात उणीव असेल तर तोही 'दोष'च. खोक्यावर किंवा जाहिरातीत 'सायलेंट' छापलं असेल, तर ते खोकं रद्दीत देऊ नये. पक्कं बिल न देणं हीच मुळात या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीचंही तेच: सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणं याच यादीत मोडतं.

नागपूरला सीताबर्डीवर खरेदी केली म्हणून दाद मागायला नागपूरला जावं लागेल, हा समज २०२० पासून कालबाह्य आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आर्वीच्या माणसाला वर्धा पुरे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सेतू केंद्र किंवा डीटीपीचा व्यवसाय स्वतः पोटासाठी चालवणारी व्यक्तीही ग्राहकच ठरते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. मात्र चाचणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. चार हजारांच्या पेटीसाठी ही शेवटची पायरी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणं शहाणपणाचं. ऑनलाइन खरेदी असेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं, असा २०२० चा नियम आहे.

पेटी बदलून आली तरी दोन गोष्टी उरतात. नव्या पेटीला नवी वॉरंटी सहसा मिळत नाही, जुनीची उरलेली मुदत पुढे चालते. ती लेखी घ्यावी. दुसरी गोष्ट वायरींची. सुट्या निघणाऱ्या वायरींचं एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असू शकतं, खाचेत बसलं तरी आतली जोडणी निराळी असते. बदलीत दुसरं मॉडेल आलं आणि कॅबिनेटमधल्या जुन्याच वायरी त्याला खोचल्या, तर आवाज येणार नाही. हार्ड डिस्क मात्र जळू शकते. म्हणून नव्या खोक्यातल्या वायरीच लावाव्यात, आणि त्या पाठवल्या नसतील तर पेटी जोडण्याआधी मागून घ्याव्यात.